गच्चीवरची गादी कोणी नेली?

(सोसायटीचा ग्रुप, रविवार २१ सप्टेंबर २०२५, दुपारनंतर)

सुमनकाकू सी ६०१: सी विंगच्या गच्चीवर वाळत घातलेली माझी गादी कोणी नेली. निळी खोळ आहे. कापसाची आहे. उद्या घट बसायचेत, आज जरा ऊन पडलं म्हणून घरातलं सगळं अंथरूण-पांघरूण काढून वर टाकलं, गोधड्या आहेत, सतरंजी आहे, गादीच तेवढी नाही. ज्यांनी नेली त्यांनी मुकाट्याने आणून ठेवावी, मी नाव विचारणार नाही.

बंटी डी ५०२: आज भारत-पाक, क्लबहाऊसला प्रोजेक्टर, रात्री ८ वाजता. वडापाव माणशी दोन, ६० रुपये, जीपे करा. आकडा लवकर सांगा

सुमनकाकू सी ६०१: बंटी माझी गादी

बंटी डी ५०२: काकू माझ्याकडे नाही. तुमच्याकडचे किती जण धरू

अविनाशकाका ए ४०१: गच्चीच्या किल्ल्या कुणाकुणाकडे असतात हे सेक्रेटरींनी एकदा लेखी सांगावं. टाकी साफ केली तेव्हाही मी हेच विचारलं होतं. उत्तर अजून यायचंय.

पराग (सेक्रेटरी): काका आज सर्वपित्री, आमच्याकडची पानं आत्ता उठलीत. जरा वेळ द्या 🙏

शिरीष बी ७०२: खाली लॉनवर एक निळी गादी दिसतीये. चार पोरी उड्या मारतायत. दोन प्लॅस्टिकच्या खुर्च्या, त्यांच्या पाठींवर काठी आडवी टाकलीये

सुमनकाकू सी ६०१: अगं बाई

सुमनकाकू सी ६०१: चपला घालून??

शिरीष बी ७०२: नाही, चपला ओळीत काढून ठेवल्यात. पण पाय चिखलाचे दिसतायत

मृणाल बी ३०४: सॉरी काकू, त्यात आमची गार्गी आहे. टोकियोला वर्ल्ड चॅम्पियनशिपची बायकांची उंच उडीची फायनल लागली होती, चौघी आमच्याकडेच बघत बसलेल्या. तिथे धो धो पाऊस आला आणि स्पर्धा थांबवली, तर 'तोपर्यंत आपण करून बघू' म्हणून पळाल्या. मला वाटलं जिन्यात खेळतायत. खोळ मी धुवून देते, इस्त्री करून.

सुमनकाकू सी ६०१: खोळीचं नाही गं मृणाल. धुतलेली आहे हे बघून उचलली ना. विचारायला काय झालं होतं, मी घरातच होते.

शिरीष बी ७०२: फायनलचं कोणी काही लिहू नका प्लीज, मी रेकॉर्ड करतोय, रात्री बघणार

बंटी डी ५०२: शिरीषदादा रात्री भारत-पाक आहे

अविनाशकाका ए ४०१: फोटो मोठा करून बघितला. काठीला वर हिरवी रिबन आहे. ही गुढीची काठी आहे. पायाखाली गुढीची काठी, आणि तेही अमावास्येला. छान.

नेहा सी २०३: पायाखाली नाही काका, काठीला पाय लागू नये हाच तर खेळ आहे

अविनाशकाका ए ४०१: हसण्यावारी नेऊ नका. काही जण इथे भाड्याने राहतात, आज आहेत उद्या नाहीत, त्यांना सोसायटीच्या वस्तूंचं काय असणार. कुणा एकाला उद्देशून म्हणत नाहीये.

मृणाल बी ३०४: काका आम्ही इथे सहा वर्षं आहोत. पार्किंगच्या अर्जावर तुम्ही माझी सही घेतलीत तेव्हा 'जुने रहिवासी' या रकान्यात घेतली होती. मीही कुणा एकाला उद्देशून म्हणत नाहीये.

कुलकर्णी आजी बी १०१: काठी मी दिली

कुलकर्णी आजी बी १०१: माझी आहे सोसायटीची नाही. वेळू किडायला लागला होता माळ्यावर. अविनाश तू चहाला ये

साठे सर ए १०२: सुमनताई, गादी मिळेल हो, पण मला काळजी वेगळीच वाटते आहे. एकतीस वर्षं शाळेत पीटी शिकवली म्हणून सांगतो, टीव्हीवर त्या पाठीवर पडतात ते बघून मुली तसंच करायला जाणार आणि कापसाची चार इंचाची गादी म्हणजे खाली फरशीच समजा, मान वाकडी व्हायला एक उडी पुरते. मोठ्या स्पर्धेत पडायची गादी ६ मीटर लांब, ४ मीटर रुंद आणि कमीत कमी ७० सेंटिमीटर जाड लागते, म्हणजे जवळजवळ कमरेइतकी. १९६८ ला मेक्सिकोत फॉस्बरीने पाठ टाकून उडी मारली आणि सगळ्यांनी ती उचलली, पण खाली फोम आला म्हणून ते जमलं, त्याआधी वाळूत आणि भुश्शात पडायचे, तिथे पाठीवर कोण पडणार. १९७७ ला बायकांमध्ये पहिल्यांदा २ मीटर ओलांडले ते पूर्व जर्मनीच्या रोझमारी अकरमानने, तेही पोट काठीकडे करून, जुन्याच पद्धतीने. तेव्हा पाठीवर पडल्याशिवाय उंच जाता येत नाही असं काही नाही. आणि ती काठी सुतळीने बांधली आहे का ते आधी बघा. बांधली असेल तर ताबडतोब सोडा.

सुमनकाकू सी ६०१: सर चार इंच नाही, सहा इंच आहे. पिंजून आणलीये गेल्या वर्षी.

मृणाल बी ३०४: सर मी गार्गी, आईच्या फोनवरून. काठी बांधली नाहीये, नुसती ठेवलीये, जरा लागली तरी पडते. आम्ही कात्रीच मारतोय, एका पायावर उडी घेऊन पायांवरच उतरतो. पाठीवर एकदाच केलं, ते पण सईने. आता १०५ झालंय, खुर्च्यांखाली विटा लावल्या. आईच्या शिवणाच्या टेपने मोजलं

साठे सर ए १०२: शाब्बास. सईला सांग परत नाही.

सईची आई डी २०४: पाठीवर??? सई फोन उचलत नाहीये. कोणी खाली असेल तर तिला वर पाठवा

बंटी डी ५०२: वडापाव ११ झाले. ६० रुपये. परत टाकतो, आज भारत-पाक, ८ वाजता, क्लबहाऊस

अविनाशकाका ए ४०१: पण आपलं कोण आहे त्या फायनलमध्ये? परदेशी बायकांच्या उड्या बघून पोरींना काय मिळतं?

नेहा सी २०३: काका पदकाच्या आसपास आपलं कोणी नाही हे खरं. आपला बायकांचा राष्ट्रीय विक्रम १.९२, सहाना कुमारीचा, २०१२ चा, तेरा वर्षं झाली. पण यंदाच्या मे महिन्यात कोरियात गुमीला हरियाणाच्या अठरा वर्षांच्या पूजाने आशियाई सुवर्ण घेतलं, १.८९ मारून. तिची सुरुवात कशावर झाली ठाऊक आहे? बांबूची काठी आणि भाताचा पेंढा भरलेली पोती. आणि याच टोकियोत मंगळवारी पुरुषांत सर्वेश कुशारे सहावा आला, २.२८, वर्ल्डच्या उंच उडीच्या फायनलला पोचलेला पहिला भारतीय, आपल्या नाशिक जिल्ह्यातला, देवगावचा. तो गावात मक्याच्या भुश्शाच्या गादीवर शिकला. ग्रुपवर एकानेही टाकलं नाही. नीरज आठवा आला त्याचे मात्र चाळीस मेसेज.

सुमनकाकू सी ६०१: मग मक्याचा भुसा आणा की. माझी गादी कशाला.

बंटी डी ५०२: काकू 🙏🙏

मृणाल बी ३०४: आत्ता दुधाचा हिशोब बघायला कार्ड काढलं तर मागे गार्गीचं अक्षर. '९५, ७ मार्क. १००, ४ मार्क, घाई केली. १०५, काठी मागून लागली, ३ मार्क, पण पळणं छान.' हे काय नवीन?

नेहा सी २०३: ते ऑस्ट्रेलियाच्या निकोला ऑलिस्लागर्सचं आहे. ती प्रत्येक उडी झाली की खाली बसून वहीत लिहिते, स्वतःला दहापैकी मार्क देते. आणि युक्रेनची माहुचिख, जिच्या नावावर विक्रम आहे, ती दोन उड्यांच्या मध्ये स्लीपिंग बॅग अंथरून सरळ आडवी होते

बंटी डी ५०२: मी ऑफिसात हेच करतो, माझ्या नावावर काही नाही

साठे सर ए १०२: त्या विक्रमाचं सांगतो. बल्गेरियाच्या कोस्तादिनोवाने रोमला २.०९ मारली ते साल १९८७, मी त्याच जूनमध्ये शाळेत रुजू झालो. दरवर्षी मुलांना तोच आकडा सांगायचो. मी निवृत्त झालो, तरी आकडा तिथेच. गेल्या वर्षी जुलैत पॅरिसला माहुचिखने २.१० केली, सदतीस वर्षांनी एक सेंटिमीटर. आपल्या फ्लॅटचं दार साधारण तेवढं असतं, उभं राहून वर बघा एकदा.

अविनाशकाका ए ४०१: बघितलं. जळमटं आहेत.

पराग (सेक्रेटरी): सर्वांना विनंती, लॉनवर सोसायटीच्या परवानगीशिवाय कुठलाही खेळ खेळू नये. लॉनला आत्ताच खत घातलंय. खुर्च्या क्लबहाऊसच्या आहेत, मोजून परत ठेवाव्यात. विटा कुठल्या आहेत तेही कळवावं.

नेहा सी २०३: परवानगी मागितली तर मिळेल का? कोपऱ्यात महिन्यातून दोन रविवार, आणि वर्गणी काढून एक जाड फोमची गादी. साठे सर शिकवतील

पराग (सेक्रेटरी): जनरल बॉडीत विषय मांडा.

नेहा सी २०३: मागच्या वर्षी मांडला होता. 'इतर विषय' मध्ये गेला आणि तेवढ्यात चहा आला

नेहा सी २०३: संपली फायनल!! दोघी २.०० वर, ऑलिस्लागर्स आणि पोलंडची मारिया झोजिक, सोनं निकोलाला काउंटबॅकवर. माहुचिख १.९७, सर्बियाची तोपिच पण १.९७, ब्राँझ दोघींना मिळून

शिरीष बी ७०२: नेहा

शिरीष बी ७०२: मी काय लिहिलं होतं वर

नेहा सी २०३: अरे देवा सॉरी सॉरी

शिरीष बी ७०२: डिलीट करून काय उपयोग आता

अविनाशकाका ए ४०१: काउंटबॅक म्हणजे काय?

नेहा सी २०३: दोघी सारख्याच उंचीवर अडकल्या तर आधी बघतात की त्या उंचीला कोण कमी प्रयत्नांत गेली. तिथेही सारखं असेल तर पूर्ण स्पर्धेत तोपर्यंत कोणी कमी वेळा काठी पाडली ते. म्हणजे आधीच्या सोप्या उंचीला केलेला गाढवपणा शेवटी मोजला जातो

अविनाशकाका ए ४०१: अच्छा. म्हणजे समान झालं की आधीची कामगिरी बघतात. चिठ्ठी टाकत नाहीत.

पराग (सेक्रेटरी): काका तो विषय झालाय.

अविनाशकाका ए ४०१: मी उंच उडीबद्दल बोलतोय. ३१-३१ मतं पडली तर एका पाच वर्षांच्या मुलाला बोलावून चिठ्ठी उचलायला लावणं, तोही उमेदवाराचाच भाचा, असं टोकियोला करत नसावेत एवढंच.

पराग (सेक्रेटरी): चिठ्ठी नियमाप्रमाणे होती. भाचा नव्हे, चुलत भाचा.

बंटी डी ५०२: २०२१ ला टोकियोलाच पुरुषांत बारशिम आणि ताम्बेरीने सोनं वाटून घेतलं होतं. तुम्ही दोघं पण घ्या, सकाळी काका सेक्रेटरी संध्याकाळी पराग

कुलकर्णी आजी बी १०१: दोघे चहाला या

सुमनकाकू सी ६०१: सगळ्यांचं झालं असेल तर माझी गादी. निळी खोळ. कापसाची. लॉनवर बघून आले, खुर्च्या आहेत, विटा आहेत, काठी आहे. गादी नाही. मुली पण नाहीत.

मृणाल बी ३०४: काकू गार्गी वर आलीये, म्हणते चार थेंब पडायला लागले म्हणून वॉचमनकाकांना सांगून गादी आडोशाला ठेवली, तिने नाही भिजू दिली

सुमनकाकू सी ६०१: आडोशाला म्हणजे कुठे

सईची आई डी २०४: सई सापडली. ठीक आहे. थँक्यू साठे सर 🙏 तिला विचारलं कोणी शिकवलं पाठीवर पडायला, तर म्हणते टीव्हीने

बंटी डी ५०२: वडापाव २३, बंद करतोय आता. क्लबहाऊस भरायला लागलंय, खुर्च्या कमी आहेत, लॉनवरच्या दोन कोणीतरी आणा

बंटी डी ५०२: काकू गादी इथे आहे, प्रोजेक्टरसमोर. कोरडी आहे. पण आत्ता देता नाही येणार, पाच जण बसलेत तिच्यावर

सुमनकाकू सी ६०१: कोण बसलंय? उठव त्यांना. धुतलेली आहे ती.

बंटी डी ५०२: मधोमध काका आहेत तुमचे. तक्क्या पण घरून घेऊन आलेत