धून नाही, लय घेतली

एकांनी लिहिलंय की चेक संगीतकार ड्वोर्झाकने चेक लोकगीतं उचलून त्यांना फक्त व्हायोलिन-पियानोचा साज चढवला. मला हे पटत नाही. आयती लोकधून त्याने क्वचितच घेतली; घेतली ती लय आणि घडण. १८९१ साली प्रथम वाजलेली 'डुम्की' ट्रायोच (व्हायोलिन, चेलो आणि पियानोची रचना) ऐका. नेहमीच्या चार भागांऐवजी सलग सहा डुमका, म्हणजे उदासीतून अचानक नाचाकडे वळणाऱ्या रचना. चेलो उदास सूर धरून बसतो आणि काही कळायच्या आत तिघंही नाचायला लागतात. (डुमका मुळात युक्रेनकडची, चेक नव्हेच!)

उलट त्याच्या १८८७ च्या पियानो क्विंटेटमधल्या (पियानो आणि चार तंतुवाद्यं) तिसऱ्या भागाला फुरियांट, म्हणजे वेगवान चेक नाच, म्हटलंय, पण दोन आणि तीन मात्रांची फुरियांटची खास ओढाताण तिथे नाहीच, वेगवान वॉल्ट्झ वाटतो. अस्सल फुरियांट हवा तर त्याच्याच स्लाव्होनिक नृत्यांच्या पहिल्या संचातलं आठवं ऐका.

आणि चेक संगीताच्या मैफलीत दुसरा चेक संगीतकार स्मेतानाचं पहिलं क्वार्टेट (चार तंतुवाद्यांची रचना) असेल, तर शेवटचा भाग चुकवू नका. ऐन नाचात व्हायोलिनचा एक उंच, लांब सूर सगळं कापत जातो. बहिरेपण येताना स्मेतानाच्या कानात वाजणारी शिट्टी ती. १८७८ मध्ये प्रागला ते खासगीत वाजलं, तेव्हा व्हायोलावर (व्हायोलिनहून थोडं मोठं वाद्य) स्वतः ड्वोर्झाक होता.