मदत हवी आहे: बडबडी लेक अचानक अडखळायला लागलीय
लेक पावणेतीन वर्षांची. डोळे उघडले की तोंडाचा पट्टा सुरू. काल मोजे घालताना, "मोज्याला बोटं का नाहीत?" उत्तर दिलं की पुढचा "का?" तयारच. बाथरूमच्या दाराखालूनही प्रश्न येतात, आता बोला!

पण गेले तीन आठवडे पहिल्याच अक्षरावर अडकते. "म-म-मला सांगायचंय..." घाईत असली की जास्त, गाणं म्हणताना अजिबात नाही. २ ते ५ वर्षांत बऱ्याच मुलांचं असं होतं आणि बहुतेकांचं आपोआप जातं, हे माहीत आहे. मी शब्द पुरवत नाही, "हळू बोल" म्हणत नाही. सासूबाई मात्र दर वेळी टोकतात.

कुणाला असा अनुभव आहे का? स्पीच थेरपिस्टकडे जायच्या आधी किती वाट पाहिलीत? आणि सासूबाईंना न दुखावता कसं सांगू?