विषय: कौन्सिलच्या ताईंना दुसरी टर्म?

प्रेषक: क्रिकेट गट (कॅप्टन)

नमस्कार मंडळी,

इथे कॅलिफोर्नियात नोव्हेंबरची मतपत्रिका घरी येईल तेव्हा वरच्या मोठ्या नावांपाशीच आपण दमतो आणि तळाला असलेलं सिटी कौन्सिल कोरं सोडतो. यंदा तसं करू नका. आपल्या डिस्ट्रिक्टच्या कौन्सिल मेंबर पुन्हा उभ्या आहेत. मंडळाच्या कार्यक्रमांना त्या आवर्जून येतात, मराठीत दोन वाक्यं बोलतात. पत्रक सोबत जोडलंय. थोडक्यात सांगायचं तर शाळा सुधारल्या, नवं वाचनालय आणलं, प्रॉपर्टी टॅक्स वाढू दिला नाही, रस्ते चांगले केले, स्टेशनजवळची उंच इमारत रोखली.

मंडळाने अधिकृत पाठिंब्याचं पत्र काढावं अशी कार्यकारिणीला विनंती. शनिवारी दारोदार फिरतोय, कुणी येणार का?

---

प्रेषक: सचिव

कॅप्टन, उत्साहाचं कौतुक आहे, पण पत्र निघणार नाही. मंडळ 501(सी)(3), म्हणजे करमुक्त सेवाभावी संस्था आहे. अशा संस्थेला कोणत्याही उमेदवाराच्या बाजूने किंवा विरोधात प्रचार करता येत नाही. हा नियम 1954 पासूनचा, आणि तो सिटी कौन्सिललाही तसाच लागू होतो. उद्या करसवलत गेली तर हॉलचं भाडं कोण भरणार?

मंडळ काय करू शकतं तर सगळ्या उमेदवारांना बोलावून प्रश्नोत्तरं ठेवू शकतं आणि मतदार नोंदणी करू शकतं. तू वैयक्तिक जे करशील ते तुझं. मात्र ही ईमेल यादी मंडळाची आहे, तेव्हा इथे "मत द्या" नको. त्यांनी काय केलं, काय नाही, यावर चर्चा खुशाल करा.

---

प्रेषक: ग्रंथालय समिती

स.न.वि.वि.

निवृत्त माणसाला कौन्सिलच्या सभा पाहायला वेळ असतो, म्हणून सविस्तर लिहितो.

शाळांचा दावा आधी बाजूला ठेवू. शाळा सिटीच्या हातात नाहीतच. स्कूल डिस्ट्रिक्ट वेगळं, त्याचं बोर्ड वेगळं निवडून येतं. ताईंनी शाळेच्या कार्यक्रमात भाषण केलं असेल, पण ते बजेट त्यांच्यापुढे कधी येत नाही.

प्रॉपर्टी टॅक्स वाढला नाही याचं श्रेय 1978 च्या प्रपोझिशन 13 ला, म्हणजे मतदारांनी मंजूर केलेल्या राज्याच्या नियमाला द्या. आकारणीच्या (घराच्या कागदोपत्री धरलेल्या किमतीच्या) एक टक्का मूळ कर, आणि घर विकलं जाईपर्यंत आकारणी वर्षाला जास्तीत जास्त दोन टक्क्यांनी वाढणार. अख्ख्या कौन्सिलने चार वर्षं झोप काढली असती तरी हेच झालं असतं. कौन्सिलच्या हातात असतं ते वेगळंच. नवा कर मतदारांपुढे न्यायचा का, आणि कोणत्या रूपात. विशिष्ट कामासाठी बांधून घातलेला कर कौन्सिलने मांडला तर दोन तृतीयांश मतं लागतात, सर्वसाधारण कराला साधं बहुमत पुरतं. म्हणून बहुतेक सिट्या दुसरा मार्ग धरतात आणि प्रचारात "रस्त्यांसाठी, पोलिसांसाठी" म्हणतात. एकदा मंजूर झाला की तो पैसा कायद्याने कशावरही खर्च करता येतो. मागच्या वेळी आपल्याकडे असाच कर आला होता. तो मतपत्रिकेवर न्यायला ताईंनी हो म्हटलं होतं. मला ते मत पटलं, पण "कर वाढू दिला नाही" याच्या शेजारी ते छापलेलं दिसत नाही.

रस्त्यांचं थोडं खरं आहे. पैशाचा मोठा हिस्सा राज्याकडून येतो, 2017 च्या एसबी 1 या राज्याच्या कायद्यातून, म्हणजे पेट्रोल-डिझेलच्या वाढीव करातून. पण तो कोणत्या गल्लीत आधी टाकायचा, आणि सिटीने स्वतःची भर किती घालायची, हे कौन्सिल ठरवतं. रस्त्यांची स्थिती शून्य ते शंभर अशा पीसीआय आकड्यात मोजतात, बे एरियातल्या (सॅन फ्रान्सिस्कोच्या आसपासच्या) सिट्यांचे आकडे एमटीसी ही इथली वाहतूक नियोजन संस्था प्रसिद्ध करते. टर्मच्या सुरुवातीचा आणि आताचा आकडा शेजारी ठेवून बघा, भाषण ऐकायची गरज नाही. आणि एल कॅमिनोवरच्या खड्ड्यांसाठी ताईंना ईमेल करणाऱ्यांनी दमाने घ्यावं. तो रस्ता स्टेट रूट 82 आहे, कॅलट्रान्सचा, म्हणजे राज्याच्या वाहतूक खात्याचा.

आता वाचनालय. अशा इमारतीला जागा, आराखडा, पर्यावरण अहवाल, कर्जरोखे, टेंडर एवढं सगळं लागतं. एका टर्ममध्ये ते क्वचितच मावतं. मी जुनी मिनिट्स (सभांची इतिवृत्तं) काढून पाहिली. मूळ मंजुरी झाली तेव्हा ताई कौन्सिलवर नव्हत्या. फीत कापायला होत्या.

पण पुढे एक गंमत सापडली. इमारत उभी राहिल्यावर बजेटमध्ये तूट आली आणि सिटीच्या कर्मचाऱ्यांनी वाचनालय रविवारी बंद ठेवायचा प्रस्ताव आणला. तो कन्सेंट कॅलेंडरवर होता. म्हणजे किरकोळ म्हणून पंधरा-वीस विषय एकाच मताने, चर्चेविना पास करायची यादी. ताईंनी तो विषय यादीतून बाहेर काढायला लावला, दुसऱ्या एका खर्चाला कात्री सुचवली आणि तीन विरुद्ध दोनने रविवार वाचवला. रात्री उशिराची सभा, समोर मोजून चार माणसं. माझ्या मते चार वर्षांतलं हे त्यांचं सर्वांत चांगलं काम, आणि पत्रकात त्याचा उल्लेखही नाही.

कौन्सिल मेंबर म्हणजे पाचांतलं एक मत. आपल्याकडे बहुतेक सिट्यांचा रोजचा कारभार नेमलेला सिटी मॅनेजर चालवतो. कौन्सिल धोरण ठरवतं, बजेट मंजूर करतं, मॅनेजरला नेमतं आणि काढतं. खात्यातल्या माणसांना परस्पर हुकूम सोडणं मेंबरच्या अधिकारात नसतं. तेव्हा "मी आणलं", "मी केलं" दिसलं की विचारायचं, प्रस्ताव कुणी मांडला, अनुमोदन कुणी दिलं, कोण विरोधात गेलं. ब्राउन ॲक्ट या खुल्या सभांच्या कायद्यामुळे नियमित सभेचा अजेंडा 72 तास आधी लावावाच लागतो आणि मिनिट्स सगळ्यांना खुली असतात. एकमताने झालेल्या ठरावांतून माणूस फारसा कळत नाही. तीन-दोनवाले वाचा.

---

प्रेषक: बालवर्ग

काका, इमारतीचा मुद्दा तुम्ही सफाईने गाळलात! मी भाड्याने राहते, म्हणून मी लिहिते.

ती "उंच इमारत" म्हणजे अपार्टमेंट्स होती, काही कमी भाड्याची. ताईंनी विरोधात मत दिलं, टाळ्या मिळवल्या. पण राज्याने प्रत्येक सिटीला 2023 ते 2031 साठी घरांचं उद्दिष्ट दिलंय, आणि ती कुठे बसवणार हे हाउसिंग एलिमेंट या आराखड्यात दाखवायचं असतं. बे एरियासाठी त्या आराखड्याची मुदत 31 जानेवारी 2023 होती. बऱ्याच सिट्या चुकल्या, आपलीही चुकली. मुदत चुकली की बिल्डर्स रेमेडी लागू होते: प्रकल्पात ठरलेल्या प्रमाणात परवडणारी घरं असली की सिटीला झोनिंगचं कारण पुढे करून नकार देणं जवळजवळ अशक्य. मग त्याच पट्ट्यात दुसऱ्या बिल्डरचा अर्ज आला, आधीच्यापेक्षा उंच. पहिली इमारत रोखून दुसरी ओढवून घेतली, याला मी कर्तृत्व म्हणणार नाही.

ज्यांची घरं आहेत त्यांना राग येईल, येऊ दे. आपली मुलं शिकून परत आली तर राहणार कुठे?

---

प्रेषक: ग्रंथालय समिती

बालवर्गताई, गाळला नव्हता, तुमच्यासाठी ठेवला होता. हाउसिंग एलिमेंट उशिरा गेला त्याचा दोष पाचही जणांचा. पण त्या मतावर माझीही नाराजी आहे. आमच्या घरात यावरून दोन पक्ष आहेत, तेव्हा इथे अधिक लिहीत नाही.

---

प्रेषक: नवीन सभासद

नमस्कार, मी एच-1बीवर आहे. मत नाही ते माहीत आहे. ताईंना पन्नास डॉलर दिले तर चालतील का? कॅप्टनने लिंक पाठवली होती.

---

प्रेषक: हिशेबनीस

नाही! पन्नासच काय, एक डॉलरही नाही. फेडरल कायद्याने परदेशी नागरिकांना कुठल्याच निवडणुकीत देणगी देता येत नाही, आणि त्यात सिटीची निवडणूकही येते. ग्रीन कार्डवाल्यांना देणगीची सूट आहे, मताची नाही. चुकूनही मतदार नोंदणीच्या फॉर्मवर "मी नागरिक आहे" अशी खूण करू नका, पुढे इमिग्रेशनमध्ये ते फार महागात पडतं. विनामोबदला स्वयंसेवक म्हणून काम करायला हरकत नाही. आणि कौन्सिलच्या सभेत पब्लिक कमेंटसाठी कुणी व्हिसा विचारत नाही, सभेला बसायचं तर नाव नोंदवायची सक्तीही करता येत नाही. पन्नास डॉलरपेक्षा त्या बोलण्याचा उपयोग जास्त होईल.

कॅप्टन, ती लिंक सरसकट सगळ्यांना पाठवू नकोस.

देणग्यांचा विषय निघालाच आहे तर सांगते. देणग्या घेणारे बहुतेक उमेदवार त्यांच्या हिशेबाचा फॉर्म 460 भरतात. शंभर डॉलर किंवा जास्त देणाऱ्याचं नाव, पेशा, मालक असं सगळं त्यात असतं, आणि फॉर्म सिटी क्लार्ककडे कुणालाही बघायला मिळतो. फॉर्म 700 मध्ये त्यांची स्वतःची गुंतवणूक दिसते. ज्याचा परवाना कौन्सिलपुढे आहे अशा बिल्डरकडून मागच्या बारा महिन्यांत 500 डॉलरपेक्षा जास्त घेतले असतील तर मेंबरला त्या निर्णयात भाग घेता येत नाही. आधी ही मर्यादा 250 होती, 2025 पासून वाढली. मी ताईंचा 460 पाहिला. बिल्डर कमी, पोलिस आणि फायरच्या युनियन जास्त. ते बेकायदा नाही, पण पगाराच्या करारावर मत देताना ते आठवायला हवं. त्या करारांमागे पेन्शनची देणी असतात आणि ती पुढची कौन्सिलं फेडत बसतात. या विषयावर पत्रक कुणाचंच निघत नाही, ताईंचं नाही आणि त्यांच्या विरोधकांचंही नाही.

---

प्रेषक: क्रिकेट गट (कॅप्टन)

लिंकचं लक्षात आलं, उद्यापासून आधी विचारूनच पाठवीन.

पण तुम्ही सगळे फक्त मतं मोजताय. आमच्या कोपऱ्यावर क्रॉसवॉक (झेब्रा क्रॉसिंग) नव्हता. आधीच्या मेंबरने उत्तरच दिलं नाही. ताई स्वतः येऊन उभ्या राहिल्या, ट्रॅफिक इंजिनिअरला मोजणी करायला लावली, आणि झाला क्रॉसवॉक. मिनिट्समध्ये हे सापडणार नाही, काका.

---

प्रेषक: ग्रंथालय समिती

खरं आहे, सापडणार नाही, आणि हेही कामच आहे. फक्त एक बघ. क्रॉसवॉक तुझ्या कोपऱ्यावर झाला कारण तू ईमेल केलीस. अपार्टमेंटच्या बाजूच्या कोपऱ्यावर तीच अडचण आहे, तिथून ईमेल जात नाहीत. मोजणी तिथेही झाली का, हे ताईंना विचार. मला उत्तर खरंच हवंय, टोमणा नाही.

---

प्रेषक: सचिव

प्रश्नोत्तरांचा कार्यक्रम ठरला, चारही उमेदवारांना एकाच मजकुराचं निमंत्रण गेलंय. प्रत्येकाला सारखा वेळ. प्रश्न आधी मागवतोय, उमेदवारांना दाखवणार नाही. आतापर्यंतचे: हाउसिंग एलिमेंट, पेन्शन, दुसऱ्या कोपऱ्यावरचा क्रॉसवॉक. "तुम्ही एकट्या पडूनही दिलेलं एक मत सांगा" हा प्रश्न काकांचा. जे आव्हान देतायत त्यांनाही काहीतरी अवघड हवंय, सुचवा. हॉलमध्ये पाट्या आणि टी-शर्ट नकोत.

---

प्रेषक: क्रिकेट गट (कॅप्टन)

काका, तुमचा रविवारच्या वाचनालयाचा परिच्छेद ताईंच्या प्रचारप्रमुखाला पाठवला. म्हणाला, फारच छान आहे, पण पत्रकं छापून झालीत.