रविवारपासून पिकलबॉल: कोर्टाची आखणी, सर्व्ह आणि कोणी कुठे उभं राहायचं

सेक्रेटरी, बी-१०१: नमस्कार मंडळी. आपल्या बॅडमिंटन कोर्टावरच रविवारपासून सकाळी ६.३० ते ८ पिकलबॉल, म्हणजे पॅडलने (छोट्या सपाट फळीने) भोकांचा प्लास्टिकचा चेंडू जाळीपलीकडे मारायचा खेळ. पावसाचं शेवाळ घासून काढलंय. दव पडतं, तेव्हा आधी वायपर मारायचा, मगच खेळ. ए-३०४ दादा, आखणीला काय काय लागेल?

ए-३०४: फार काही नाही. डबल्सचं बॅडमिंटन कोर्ट आणि पिकलबॉलचं कोर्ट एकाच मापाचं, २० बाय ४४ फूट. १९६५ साली अमेरिकेत बेनब्रिज बेटावर हा खेळ सुरू झाला तोच बॅडमिंटनच्या कोर्टावर. बदल दोन. जाळी खाली आणायची: खांबांजवळ ३६ इंच, मधोमध ३४. आणि जाळीपासून ७ फुटांवर दोन्ही बाजूंना २ इंची टेप मारायची. टेपची बाहेरची कड ७ फुटांवर यायला हवी, आतली नव्हे.

ए-१०३: बॅडमिंटनची पुढची सर्व्हिस लाइन आहेच की तिथे. ती चालणार नाही का?

ए-३०४: नाही काका, ती साडेसहा फुटांवर आहे. टेप वेगळ्या रंगाची घ्या, नाहीतर वाद होतील. कडेच्या आतल्या सिंगल्सच्या रेषा आणि मागची अडीच फूट आतली रेषा विसरायच्या. मधली रेषा तीच वापरायची. बेसलाइनच्या, म्हणजे अगदी मागच्या रेषेच्या, मागे निदान ८ फूट मोकळे हवेत, तेवढ्या स्कूटर मागे घ्या.

सी-२०२: सर्व्ह खालून मारायची एवढंच माहीत आहे. नेमकं कसं?

बी-४०२: ताई, प्रकार दोन. हातातून थेट मारायची असेल तर हात खालून वर जायला हवा, चेंडूला पॅडल लागताना तो बेंबीच्या वर नको, आणि पॅडलचं डोकं मनगटाच्या वर नको. यातलं एक चुकलं तरी फॉल्ट. नव्यांनी दुसरी, ड्रॉप सर्व्ह शिकावी: चेंडू खाली सोडायचा आणि टप्पा पडल्यावर मारायचा. तिला या तिन्ही अटी लागू नाहीत.

उजव्या हाताने खेळणाऱ्यांनी डावा पाय पुढे, बेसलाइनच्या वीतभर मागे. डावा हात पुढे धरून बोटं उघडायची, चेंडू आपोआप पडू द्यायचा. वर उडवायचा नाही, खाली आपटायचा नाही. हा चेंडू टेनिससारखा उसळत नाही, खांद्याएवढ्या उंचीवरून सोडला तरी टप्पा गुडघ्याच्या आसपासच येतो. म्हणून कंबरेतून न वाकता गुडघे वाकवायचे. पॅडल मागे आधीच नेऊन ठेवायचं, मनगट घट्ट, आणि खांद्यातून हात झोक्यासारखा पुढे. चेंडू पुढच्या पायाच्या थोडा पुढे असतानाच मारायचा. उशीर झाला की तो बाजूला जातो, मनगट झटकलं की आभाळात.

सी-२०२: आणि टाकायची कुठे?

बी-४०२: तिरपी, समोरच्या चौकोनात. जाळीच्या वर दोन-तीन फूट जागा सोडून शेवटच्या तीन-चार फुटांत. जाळी ते टेप या सात फुटांच्या पट्ट्याला किचन म्हणतात; सर्व्ह त्यात किंवा त्याच्या टेपवर पडली तर फॉल्ट, बाकी रेषांवर पडली तर आत. जाळीला घासून बरोबर चौकोनात पडली तर खेळ चालू, पुन्हा सर्व्ह नाही. मारताना एक तरी पाय जमिनीवर हवा आणि कुठलाही पाय रेषेवर नको. जोर महत्त्वाचा नाही. पॉइंट फक्त सर्व्ह करणाऱ्या बाजूलाच मिळतो, त्यामुळे सर्व्ह बाहेर मारणं म्हणजे पॉइंटची संधीच टाकून देणं.

ए-३०४: सर्व्हआधी तीन आकडे मोठ्याने बोला: आपले पॉइंट, त्यांचे पॉइंट, आपला सर्व्हर पहिला की दुसरा. एका बाजूचे दोघे एकामागून एक सर्व्ह करतात, मग सर्व्ह समोर जाते; फक्त सुरुवातीला एकालाच मिळते, म्हणून सामना शून्य-शून्य-दोन असा सुरू होतो. आकडे बोलल्यावर १० सेकंदांत सर्व्ह. आपल्या बाजूचे पॉइंट सम असतील तर सुरुवातीला उजवीकडे असलेला खेळाडू उजवीकडेच असतो. गोंधळ झाला की हे तपासा.

ए-१०३: बॅडमिंटनमध्ये सर्व्ह झाली की आम्ही पुढे धावतो. इथेही तसंच ना?

ए-३०४: काका, इथेच नव्यांचे सर्वांत जास्त पॉइंट जातात. सर्व्हला टप्पा पडायला हवा आणि तिच्या परतीलाही. म्हणजे सर्व्ह करून तुम्ही पुढे धावलात आणि समोरच्याने खोल मारलं, तर चेंडू तुमच्या पायांशी येतो. हवेत मारला तर फॉल्ट, टप्प्याला थांबायला जागा नाही. म्हणून सर्व्ह करणारे दोघेही बेसलाइनच्या मागे. तिसरा फटका झाला, तोही किचनमध्ये हलकेच उतरला, तरच दोघे मिळून पुढे. उंच गेला तर आहात तिथेच थांबा, चेंडू अंगावर येणार.

समोरची बाजू उलट. सर्व्ह घेणारा बेसलाइनच्या एक-दोन फूट मागे, त्याचा जोडीदार आधीपासूनच किचनच्या टेपजवळ, पाय टेपच्या वीतभर मागे, पॅडल छातीसमोर. घेणाऱ्याने खोल परत मारायचं आणि सरळ पुढे यायचं. मात्र समोरचा मारतोय असं दिसलं की पोहोचला नसाल तरी दोन्ही पायांवर थांबायचं. धावताना मारलेला चेंडू हमखास जाळीत.

बी-४०२: जोडीदार कडेला ओढला गेला तर दुसऱ्यानेही तेवढंच सरकायचं. मध्ये आठ-दहा फुटांपेक्षा जास्त फट नको. मधला चेंडू ज्याच्या फोरहँडला येतो त्याचा. दोघे उजव्या हाताचे असतील तर तो डावीकडच्याचा. "माझा" असं ओरडाच.

ए-१०३: किचनमध्ये पाय ठेवायचाच नाही?

बी-४०२: टप्पा पडलेला चेंडू मारायला खुशाल जा. हवेतला मारताना टेपलाही पाय नको, आणि मारल्यावर तोल जाऊन आत गेलात तरी फॉल्ट. स्मॅशची सवय असलेल्यांनी हे जपावं.

सेक्रेटरी, बी-१०१: चेंडू कुठले आणू? संध्याकाळीही खेळायचं म्हणतायत काहीजण.

ए-३०४: बाहेर खेळायचे, ४० भोकांचे. २६ भोकांचे हॉलसाठी असतात, त्यांची भोकं मोठी, वाऱ्याने भरकटतात. चेंडू मुळात जेमतेम २५ ग्रॅमचा आणि आपलं पर्वरीचं पठार, दुपारनंतर समुद्राकडून वारा असतोच. वारा समोरून असेल तर सर्व्ह कमी उंचीची आणि जरा जोरात, पाठीमागून असेल तर निशाणा चौकोनाच्या मध्यावर. नव्यांनी मात्र पहिले पंधरा दिवस सकाळीच या.

सेक्रेटरी, बी-१०१: बरं. सहा चेंडू आणि निळी टेप आजच म्हापशाहून आणतो. जाळी खाली घेतल्यावर बुडाशी फट राहते का ते बघायला हवं.

ए-३०४: राहणार. बॅडमिंटनची जाळी अडीच फूट रुंद, म्हणजे खाली ४ ते ६ इंच उरतात आणि चेंडू ३ इंचांचा. खाली जुन्या जाळीचा पट्टा बांधू. सुतळी माझ्याकडे आहे, शनिवारी पाचला खाली येतो.