बाबांचं वजन उतरतंय, शुगर नवीन निघालीय, सोनोग्राफी 'नॉर्मल', तरी स्वादुपिंडाचं सीटी करावं का? मदत हवी आहे

गुलबक्षी:
नमस्कार मंडळी, थोडं लांबेल, सांभाळून घ्या.

बाबा ६२ वर्षांचे. चार महिन्यांत वजन ७४ वरून ६५ वर आलंय. आधी आम्ही सगळे खूशच होतो, रोज चालतात त्याचा फायदा झाला म्हणून. बाबा स्वतः पट्ट्याला खिळ्याने नवीन भोक पाडून येईल त्याला दाखवत होते. मग दुसरं पाडलं. तिसऱ्याच्या वेळी आई काही बोललीच नाही.

दोन महिन्यांपूर्वी शुगर निघाली, एचबीए१सी (तीन महिन्यांची सरासरी शुगर) ८.४, आधी कधीच नव्हती आणि घराण्यात पण कोणाला नाही. शिवाय पाठ दुखते, म्हणजे कंबर नाही, बरगड्या संपतात तिथे पोटातून आरपार गेल्यासारखं, आणि उताणं झोपलं की वाढतं. परवा पहाटे तीनला मी पाणी प्यायला उठले तर बाबा पलंगाच्या कडेला, उशी पोटाशी घट्ट धरून पुढे वाकून बसलेले. म्हणे असं बसलं की बरं वाटतं.

हाडांच्या डॉक्टरांनी एक्सरे बघून वयाप्रमाणे झीज सांगितली, पोटाच्या डॉक्टरांनी अ‍ॅसिडिटीची गोळी दिली, शुगरवाले म्हणतात वजन शुगरमुळेच उतरलंय. सोनोग्राफी झाली, खाली नॉर्मल लिहिलंय. तिघं आपापल्या जागी बरोबरच असतील हो, पण तिघांचं एकत्र कोण बघणार? कावीळ अजिबात नाहीये. स्वादुपिंडाचा कॅन्सर तर नसेल ना, की मी उगाच घाबरतेय? आणि सीए १९-९ ही कॅन्सरसाठी करतात ती रक्ताची टेस्ट परस्पर करून घेतली तर काय तो निकाल लागेल का?

आळशी_उंट:
शेवटचं इम्प्रेशन सोडा, रिपोर्टमध्ये वर पॅन्क्रियाज म्हणजे स्वादुपिंडासमोर काय लिहिलंय ते जसंच्या तसं टाका.

गुलबक्षी:
आत्ता काढून बघितला. "हेड नॉर्मल, बॉडी अँड टेल ऑब्स्क्युअर्ड बाय बॉवेल गॅस". म्हणजे??

आळशी_उंट:
म्हणजे डोकं (हेड) दिसलं, पण मधला भाग (बॉडी) आणि शेपूट (टेल) गॅसमुळे झाकले गेले, अर्ध्याहून जास्त स्वादुपिंड दिसलंच नाही. मी रेडिओलॉजीत टेक्निशियन आहे, डॉक्टर नाही, त्या हिशोबाने वाचा. स्वादुपिंड जठराच्या मागे, पाठीच्या कण्यापुढे आडवं पडलेलं असतं, जेमतेम १५ सेंमी. समोर आतड्यात गॅस असला की सोनोग्राफीच्या लहरी पुढे जातच नाहीत. त्यात सोनोग्राफी करणाऱ्याची चूक नाही, त्याने लिहिलंय की. आपण सगळे फक्त खालची नॉर्मल ओळ वाचतो. जे दिसलं ते नॉर्मल, एवढाच त्याचा अर्थ. हवं ते सीटी, तेही कॉन्ट्रास्ट (शिरेतून देतात ते औषध) देऊन, पॅन्क्रियाज प्रोटोकॉलने, म्हणजे खास स्वादुपिंडासाठीच्या पद्धतीने. साध्या सीटीत लहान गाठ सहज सुटते.

शिंपला:
ताई, कावीळ नाही म्हणून निर्धास्त राहू नका. माझ्या आईची गाठ हेडमध्ये होती, पित्तनळी तिथूनच जाते, त्यामुळे नळी दाबली गेली आणि आई पिवळी पडली. पोटात दुखणं नाही, ताप नाही, नुसती अंगभर खाज, लघवी गडद आणि शौचाला पांढुरकं. आम्ही तीन आठवडे इन्फेक्शनची कावीळ धरून बसलो होतो, ते मला अजून खातं. पण कावीळ झाली म्हणून निदान वेळेत झालं असंही आहे. गाठ बॉडी किंवा टेलमध्ये असेल तर ती नळीपासून लांब, कावीळ फार उशिरा होते किंवा होतच नाही, बराच काळ पाठ आणि वजन एवढंच बोलतं.

आईचं व्हिपल नावाचं ऑपरेशन झालं, त्यात स्वादुपिंडाचं डोकं, लहान आतड्याचा सुरुवातीचा भाग, पित्ताशय, बराच संसार काढतात. मग सहा महिने केमो. चार वर्षं झाली. अजून प्रत्येक जेवणासोबत पचनाच्या एन्झाइमची कॅप्सूल लागते, नाहीतर तेलकट जुलाब. पण आहे, आणि भांडते रोज :)

नेहमीचाच_मी:
सगळे एकदम कॅन्सरवरच का जाताय? शुगर वाढली की वजन उतरतंच, मेटफॉर्मिनने (शुगरची गोळी) पण थोडं उतरतं. आणि असलाच तरी स्टीव्ह जॉब्स काढलेच ना आठ वर्षं.

आळशी_उंट:
जॉब्सचा वेगळा प्रकार होता, न्यूरोएंडोक्राइन, म्हणजे हार्मोन बनवणाऱ्या पेशींचा, तो बराच सावकाश वाढतो. २००३ ला निदान, २०११ ला गेले. स्वादुपिंडाच्या १० पैकी ९ कॅन्सर एन्झाइम वाहणाऱ्या नळ्यांच्या अस्तरातले असतात, ते इतका वेळ देत नाहीत.

घाबरवायचं नाहीये. पन्नाशीनंतर नव्याने शुगर निघालेल्या १०० जणांत साधारण एकालाच पुढच्या तीन वर्षांत हा कॅन्सर निघतो. पण नवीन शुगर, उतरणारं वजन आणि वाकल्यावर थांबणारी पाठदुखी एकाच माणसात असेल तर ते तीन आजार धरून चालत नाही. ब्रिटनमध्ये डॉक्टरांसाठी नियमावली काढणारी नाईस ही संस्था आहे, तिच्या गाइडलाइनमध्ये साठीच्या पुढचा माणूस, वजन घटतंय आणि सोबत पाठदुखी किंवा नवीन शुगर, तर दोन आठवड्यांत सीटीचा विचार करा असं आहे.

सीए १९-९ परस्पर करू नका. साध्या पित्तनळीच्या अडथळ्याने पण वाढतो, आणि काही लोकांच्या शरीरात तो जन्मतःच तयार होत नाही, त्यांचा कॅन्सर असूनही नॉर्मल येतो. वाढला तर झोप जाईल आणि नॉर्मल आला तर तुम्ही सीटी टाळाल, हे दुसरं जास्त वाईट. निदान पक्कं झाल्यावर उपचार लागू पडतोय का बघायला त्याचा उपयोग.

नेहमीचाच_मी:
बरं बाबा, मागे घेतो. पण मग सगळ्यांचंच सीटी दरवर्षी का करत नाहीत?

आळशी_उंट:
कारण आजार तसा दुर्मिळ आहे आणि लक्षणं नसलेल्यांना तपासत बसलं तर निरुपद्रवी गोष्टी सापडून उगाच सुया आणि ऑपरेशनं होतात. घरात दोन जवळच्यांना झालेला असेल किंवा बीआरसीए२ सारख्या जीनमध्ये कॅन्सरचा धोका वाढवणारा बिघाड असेल त्यांनाच दरवर्षी एमआरआय किंवा एंडोस्कोपिक सोनोग्राफी (तोंडातून नळी घालून आतून केलेली) सांगतात. बाकीच्यांनी लक्षणं एकत्र करून बघायची. निदानाच्या वेळी १०० पैकी १५-२० जणच ऑपरेशन होण्यासारखे असतात. अमेरिकेतले आकडे बघितले तर सगळे टप्पे मिळून पाच वर्षं काढणारे १३ टक्के, गाठ स्वादुपिंडापुरतीच असताना सापडली तर ४४ च्या आसपास. सगळा फरक त्यातच आहे.

शिंपला:
गुलबक्षी, डॉक्टरांकडे जाताना एका कागदावर तारखेनिशी लिहून न्या. कधी किती वजन, शुगर कधी निघाली, पाठ कधीपासून. तोंडी सांगितलं की प्रत्येकजण आपल्यापुरतं ऐकतो. आणि बाबा सिगारेट ओढत असतील तर ते पण लिहा, लपवू नका.

गुलबक्षी:
ओढत होते, दहा वर्षांपूर्वी सोडली. लिहिलं.

अपडेट: काल फिजिशियनकडे कागद नेला. त्यांनी तो दोनदा वाचला, रिपोर्टमधल्या गॅसच्या ओळीखाली पेनाने रेघ मारली आणि लगेच सीटी लिहून दिलं. आधी क्रिएटिनिन (किडनीची रक्ततपासणी) करायला सांगितलंय. गुरुवारी सीटी. बाबांना पाठीसाठी आहे एवढंच सांगितलंय, त्यांनी काही विचारलं नाही, पण जाताना पट्टा घातला नाही, बनियनवर सैल झब्बा घालून आले.

आळशी_उंट:
शुगरसाठी मेटफॉर्मिन चालू असेल तर ते सीटीच्या जागी आठवणीने सांगा. आणि नुसत्या फिल्म घेऊन येऊ नका, सीडी किंवा पेनड्राइव्हवर सगळी इमेज मागा. पुढे दुसऱ्या सर्जनचं मत घ्यायचं झालं तर तीच लागते. गुरुवारी संध्याकाळी इथे लिहा, मी आहे.