मैदानावर वाढलेल्या मुली: तुमचे, तुमच्या लेकींचे अनुभव लिहा

चौथी_पाटी
लेक सातवीत गेली. खो-खोच्या शिबिराला पाठवायचं म्हटलं तर घरात सूर असा की आता पुरे झालं मैदान, अभ्यासाकडे बघू दे. तेव्हापासून माझे दिवस डोक्यातून जात नाहीत, म्हणून हा धागा.

टिळक रोडच्या आसपास खेळायचो आम्ही. मी पळायला मध्यम, पण कर्णधार होते. पाठलाग करणारीने एकदा दिशा धरली की खांबापर्यंत तिला मागे वळता येत नाही. पळणारी कुठून निसटतेय ते पाटीवर बसलेल्यांना आधी दिसतं. मग बसल्या जागेवरून ओरडायचं, "दे! लगेच दे!" आणि समोरच्या दादा मुलीनेही ते ऐकायचं. त्याहून अवघड म्हणजे पळतीची पहिली तुकडी ठरवणं. तिघीच जाणार. एकदा जिवलग मैत्रिणीचा पाय दुखत होता, ती कबूल करेना. तिला तोंडावर सांगितलं, तू तिसऱ्या तुकडीत. दोन दिवस बोलली नाही माझ्याशी. आज मी बँकेत शाखा सांभाळते. लोकांना नाही म्हणायचं आणि नंतर त्यांच्याशीच नीट वागायचं, हे मला कुठल्या ट्रेनिंगने शिकवलेलं नाही.

तुम्हीही लिहा. मुलगे नकोत असं नाही, पण आज मुलींचं ऐकायचंय.

कोपरारक्षक
आमची कबड्डी. पकडीत डावा कोपरा. चढाईवाली आत आली की सगळ्यात आधी हात शिवशिवतात, पण कव्हरवाली (कोपऱ्याशेजारी साथीला उभी असते ती) तयार नसताना एकटीने झेप घेतली की गेलीच साखळी. मला ताई म्हणायच्या, "थांब. मी हो म्हटल्यावर." ते थांबणं अंगात मुरायला वर्ष गेलं. आता लेक खेळते, तिच्या वेळी दोन चढाया रिकाम्या गेल्या की तिसरीत गुण आणायचाच, नाहीतर बाद. त्या तिसरीला कोण जाणार हे मुलीच ठरवतात, पाच सेकंदांत. घरात भाजी काय करायची यावर आमचा अर्धा तास जातो 😄

पर्वतीपायथा
वा! जुने फोटो टाका ना कुणीतरी.

चौथी_पाटी
आईकडे आहेत, रविवारी काढते.

नदीपलीकडे
आमच्या अख्ख्या सोसायटीने जानेवारी २०२५ मध्ये खो-खोचा पहिला विश्वचषक बघितला. दिल्लीत अंतिम सामन्यात आपल्या मुलींनी नेपाळला ७८-४० ने हरवलं, आणि कर्णधार आपल्या पुण्याची प्रियांका इंगळे! दुसऱ्या दिवशी पार्किंगमध्ये खडूने पाट्या आखल्या होत्या पोरींनी. गाड्या काढायची पंचाईत, पण एकानेही तक्रार केली नाही.

मुक्काम_ओहायो
मूळची सदाशिव पेठ. इथे अमेरिकेत १९७२ चा टायटल नाईन कायदा आहे. सरकारी पैसा घेणाऱ्या शाळा-कॉलेजांना मुलगी म्हणून कुणाला वगळता येत नाही, खेळातही. भाचीच्या शाळेत मुलींचा संघ असणं इतकं साधं की तिला त्यात सांगण्यासारखं काही वाटत नाही. पण आपलं पुणंही मागे नव्हतं हं. महिला क्रिकेटची पहिली राष्ट्रीय स्पर्धा १९७३ साली पुण्यातच झाली. संघ तीनच: मुंबई, महाराष्ट्र, उत्तर प्रदेश. मावशी डबा घेऊन बघायला गेली होती, अजून सांगते.

कोपरारक्षक
मावशींनाच लिहायला सांगा की इथे!

मुक्काम_ओहायो
तिला टायपिंग जमत नाही, फोनवर बोलून लिहून काढते मी. वेळ द्या.

शिट्टी_गळ्यात
शाळेत खेळ शिकवतो, बरीच वर्षं. एक स्पष्ट लिहितो. नुसतं मैदानावर आणून मुली पुढे येत नाहीत. सगळं सरच ठरवणार असतील तर त्या फक्त पळतात. माझ्याकडे मोठ्या मुली छोट्यांची बॅच घेतात, सराव सामन्यात पंच होतात, गुणपत्रक भरतात. नववीतली मुलगी आपल्याच मैत्रिणीला फाउल देते आणि त्यावर ठाम राहते, तेव्हा मला खरा आनंद होतो. पंचांशी बोलायचं ते कर्णधारानेच, मी मधे पडत नाही. पहिल्यांदा रडतात, मग वाद कसा घालायचा ते शिकतात.

गळती आठवी-नववीत. पाळी, अंधार पडणं, क्लासची वेळ, "शॉर्ट घालून खेळणार?" कारणं तीच. मी फोन करत नाही, घरी जातो, चहा घेतो. काही पालक दहावीच्या सवलतीच्या गुणांसाठी पाठवतात. पाठवू देत, मुलगी येते ना.

उपमा_जळला
सर, शौचालयाचं राहिलं. आमच्या मैदानावर मुलींसाठी नव्हतंच. पाणीच प्यायच्या नाहीत पोरी, मग चक्कर. कर्णधार चौदा वर्षांची. तिने निवेदन लिहिलं, संघातल्या सगळ्यांच्या सह्या घेतल्या, ऑफिसात दिलं आणि शिक्का मारून पोच मागून घेतली. पोच! मला ती घ्यायची असते हे नोकरीला लागल्यावर कळलं. दर सोमवारी दोघी-दोघी जाऊन विचारायच्या. शेवटी बांधलं, दाराला आतून कडीसुद्धा आहे.

पर्वतीपायथा
त्या मुलीला माझा नमस्कार सांगा 🙏

तुळशीबाग_टू_टेकडी
वाचतेय सगळं. माझं आठवीत बंद झालं. दादाचं क्रिकेट चालू, माझं बंद, कारण विचारायची सोय नव्हती. अजून राग आहे.

चौथी_पाटी
अगं, रास्त आहे तुझा राग. टेकडीवर कधी येतेस? मी हनुमान टेकडीला असते सकाळी.

तुळशीबाग_टू_टेकडी
शनिवारी. गुलाबी टोपी. ये नक्की, बोलू.

कोपरारक्षक
मी पण! कोथरूडहून येते, आधी चहा मग टेकडी.

नदीपलीकडे
सर, विषय सोडून विचारते. मुलगी आता मॅटवर खेळणार. बूट हवेत का? आणि नी-पॅड? दुकानदार पाच-सहा प्रकार दाखवतो.

शिट्टी_गळ्यात
मातीत अनवाणी चालतं, मॅटवर बूट हवेत, सपाट तळव्याचे. नी-पॅड सूर मारायला शिकवतील तेव्हा घ्या. मुलीला दुकानात न्या, घालून दहा उठाबशा काढायला लावा. खाली घसरला तर एक साईज लहान.