पाच टक्के की तीन? आरसीटीतल्या हायपोवरून

रामबागकर
गेल्या मे महिन्यात एक काकू माझ्याकडे आल्या. आरसीटी, म्हणजे दाताच्या मुळातली नळी साफ करून भरण्याचं काम, दुसरीकडे चालू होती, वरच्या सुळ्याची. गाल डोळ्यापर्यंत सुजलेला, डोळ्याखाली काळंनिळं. "सुईतून औषध सोडलं आणि गालात निखारा ठेवल्यासारखं झालं," म्हणाल्या. नळी धुवायचं औषध, सोडियम हायपोक्लोराइट म्हणजे आपलं हायपो, मुळाच्या टोकाबाहेर गेलं होतं. सूज उतरायला दोन आठवडे लागले.

तेव्हापासून माझं मत पक्कं झालंय. रोजच्या कामाला ५.२५ टक्के नको, तीन टक्के पुरे. मात्र हात आखडू नका. कॅनॉलमध्ये, म्हणजे त्या नळीत, मेलेला पल्प (दाताच्या आतलं मऊ मांस) विरघळवताना त्यातला क्लोरीन खर्ची पडतो, म्हणून प्रत्येक फाईलनंतर (नळी घासायची बारीक कानस) ताजं सोडायचं. पहिल्या महायुद्धात, १९१५ च्या सुमारास, रसायनशास्त्रज्ञ डेकिन यांनी जखमा धुवायला वापरलं ते तर ०.५ टक्क्यांचंच होतं.

नारायणबाग
अहो रामबागकर, काकूंचं ऐकून वाईट वाटलं, पण दोष टक्क्यांच्या माथी का मारता? सुई कॅनॉलमध्ये अडकली आणि अंगठ्याने दट्ट्या दाबला, तर तीन टक्केही टोकाबाहेर जाईल आणि गाल सुजेलच. तीस गेजची, म्हणजे अगदी बारीक, बाजूला भोक असलेली सुई घ्या. टोकापासून दीड-दोन मिलिमीटर अलीकडे थांबा, सुई वरखाली हलती ठेवा, आणि दाब अंगठ्याऐवजी तर्जनीचा द्या.

जास्त टक्के मांस लवकर विरघळवतात, हे तुम्हीही नाकारणार नाही. फाईल पोचत नाही अशा दाढेच्या फटींत मला तेच हवं असतं. शिवाय आपल्या इंदूरच्या उन्हाळ्यात कपाटातल्या बाटलीचा जोर उतरतोच. तीनची घेतली तर दोन महिन्यांनी हातात काय उरेल?

रामबागकर
सुईचं शंभर टक्के मान्य. पण टोकाबाहेर गेलंच, तर जितकं कडक तितकं जास्त भाजणार. आणि बाटलीचं म्हणाल तर गडद रंगाची, लहान घ्या, थंड जागी ठेवा, लवकर संपवा. रोहतकच्या डॉक्टरांनी २०१९ मध्ये खालच्या दाढांवर एक टक्का आणि पाच टक्के ताडून पाहिलं. वर्षभराने मुळाच्या टोकाजवळचं हाड भरून येण्यात लक्षणीय फरक सापडला नाही.

नारायणबाग
वाचलाय तो अभ्यास. शंभरेक पेशंट, एक वर्ष. तेवढ्यावर माझी अठ्ठावीस वर्षांची सवय मोडणार नाही. तुमचा एवढाच मुद्दा घेतो की ज्या मुळाचं टोक उघडं आहे, तिथे मीही पातळ करूनच वापरतो.

सराफ्याजवळचा
मी दोन्ही सोडून दोन टक्के क्लोरहेक्सिडिनवर, म्हणजे दुसऱ्याच जंतुनाशकावर, आलोय. वास नाही, पेशंटच्या कपड्यांवर डाग नाहीत, आणि दाताच्या भिंतीला धरून बराच वेळ जंतू मारत राहतं.

एंडोवाली ताई
दादा, ते पल्प विरघळवत नाही हो! एकट्याने धुतलंत तर मेलेलं मांस आतच राहणार. लंडनच्या २०११ च्या मोठ्या पाहणीत ०.२ टक्के क्लोरहेक्सिडिनची जोड दिलेल्या दातांचं यश उलट कमी निघालं. शेवटी वापरायचंच असेल, तर आधीचं हायपो सलाईनने नीट धुवा. दोन्ही भेटली की तपकिरी-केशरी गाळ बसतो. मी कॉलेजात काचेच्या बशीत थेंबावर थेंब टाकून पाहिलंय. क्षणात गढूळ झालं, आणि तो चिकट रंग बोटाने पुसूनही निघेना.

तुम्ही दोघे टक्क्यांवर अडलात आणि ईडीटीएचं नावही काढलं नाहीत. फाईलने घासून भिंतीवर बसलेला भुग्याचा थर हायपोने निघत नाही. त्याला १७ टक्के ईडीटीए, मिनिटभर. पण हायपोबरोबर एकत्र नको, क्लोरीन मरतो. मी तर आधी अल्ट्रासॉनिक (कॅनॉलमधलं औषध कंपनांनी हलवणारं यंत्र) घेईन, मग टक्के मोजेन. तीन टक्केवालं हलवलं की पुष्कळ काम करतं.

नारायणबाग
ताई, ईडीटीएचं बरोबर, माझ्याकडून राहिलं. अल्ट्रासॉनिक मात्र प्रत्येक दवाखान्यात कुठे असतं?

वाचणारा पेशंट
माझी परवा आरसीटी आहे. हे सगळं वाचून घाबरलो. डॉक्टरांना टक्के विचारू का?

रामबागकर
टक्के राहू द्या. एवढंच विचारा, रबर डॅम लावणार ना? दाताभोवती ताणून बसवायचं ते रबर. ते असलं की औषध घशात उतरत नाही आणि थुंकी दातात शिरत नाही. औषध सोडताना एकदम जळजळून दुखलं, तर सहन करत बसू नका, लगेच हात वर करा.

नारायणबाग
इथे माझं आणि रामबागकरांचं एकमत.